पाय धुण्याची खुर्ची

आमच्या मंडळीत प्रभूचा शिष्य व्हायला आधी वजन लागायचं. अंबड रस्त्याला आमचं पत्र्याचं चर्च होतं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी तिथं पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुवायचे. येशूने शिष्यांचे धुतले होते, म्हणून. बारा माणसं पंचकमिटी ठरवायची आणि दरवर्षी तीच: हेडमास्तर, कंपाउंडर, ठेकेदार, खुद्द कमिटीचे अध्यक्ष. ही मंडळी घरूनच टाचा घासून यायची. कंपाउंडर तर पायांना पावडर लावायचे. त्या लखलखीत पायांवर पाळकसाहेब तांब्याभर पाणी ओतायचे आणि सगळे डोळे पुसायचे. आधी मला हसू यायचं, पुढे चीड यायला लागली.

दुष्काळात नवे पाळकसाहेब आले. तरुण, भिडस्त. त्यांनी यादीतलं एक नाव काढून माझ्या आईचं घातलं. आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची.

"माझे पाय? निस्त्या भेगा हायेत, साहेब."

"म्हणूनच, मावशी."

बाईमाणसाचे पाय आमच्याकडे कधी कुणी धुतले नव्हते. आई चार दिवस हरखून होती. पाय धुण्याच्या दिवशी टँकरचं हंडाभर पाणी वाट्याला आलं, त्यातलं अर्धं तिने भेगांतली माती काढण्यात घालवलं. मी ओरडले.

"घाण पाय त्यांच्या हातात देऊ व्हय?" ती म्हणाली. धुतलेले पाय धुवायला न्यायची खोड तिलाही लागली होती.

आई शेवटच्या खुर्चीवर बसली. प्रार्थना सुरू होणार तेवढ्यात दारात जीप थांबली. पंचायत समितीचे सभापती उतरले. गळ्यात हार, मागे चार माणसं. ते ख्रिस्ती नव्हते. पण चर्चच्या कंपाउंडात बोअर हवी होती, म्हणून अध्यक्षांनी आमंत्रण दिलं होतं. अध्यक्ष लगबगीने आईजवळ गेले.

"बाई, ऊठ जल्दी. साहेबांना बसू दे."

आई उठली. सभापती बसले. त्यांचे बूट त्यांच्या ड्रायव्हरने काढले. पाळकसाहेबांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा अध्यक्षांकडे, आणि गुडघे टेकून सभापतींचे पाय धुतले. टाळ्या वाजल्या. चर्चमध्ये टाळ्या!

मोठा माणूस आला की गरिबाने उठायचं, ही रीत मला कचेरीत ठाऊक होती, एसटीत ठाऊक होती. ती मोडायला आम्हाला वर्षातली एकच संध्याकाळ दिलेली, तिचीही आम्ही माती केली. अध्यक्षांचं मला नवल वाटलं नाही. गुडघे टेकलेला माणूस इतका भित्रा असू शकतो, याचा मात्र संताप आला. तो अजून उतरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेब परात, तांब्या आणि टॉवेल घेऊन आमच्या घरी आले. आत येऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

"मावशी, माझं चुकलं. बसा, मी पाय धुतो."

आई बसली नाही.

"उठवलं सगळ्यांदेखत, आन् धुऊन राह्यले दार लावून? न्हाई, साहेब. धुवायचे तर तिथंच बसवा, बराबर सगळ्यांसमोर."

त्यांनी मान खाली घातली. "कमिटी ऐकायची नाही, मावशी."

"मंग कमिटीचेच धुवा," आई म्हणाली. तिने दार उघडलं आणि उत्तम शुक्रवार असूनही खडी फोडायला निघून गेली.