साडूच्या पोर्चमधला चार्जर

इथे या पेजवर येणारे भुताटकीचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खोटं कशाला बोलू, त्यातले काही जेवताना बायकोला वाचून दाखवून आम्ही दोघं हसलोही आहोत. माझं कामच तसं आहे. द्रोणागिरीला एका गोदामात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. लाइट गेली की तिला कारण असतंच. सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही — हे मी आजवर हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं. करणी, बाधा, दृष्ट ही माझ्या लेखी लूज कनेक्शनचीच नावं होती.

आणि आज मीच तसलं काहीतरी लिहायला बसलोय. नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

मी राहतो विचुंब्याला, एका सोसायटीत. माझ्या बायकोची, नीताची, धाकटी बहीण वीणा आणि तिचा नवरा नितीन नवीन पनवेलला रो-हाउसमध्ये राहतात. माझ्या घरून स्कूटरवर फार लांब नाही. नितीन मूळचा चिरनेरकडचा. वीणाने त्याच्याशी लग्न ठरवलं तेव्हा सासरे तयार नव्हते. मीच मध्ये पडलो, चिरनेरला जाऊन त्याच्या घरच्यांना भेटून आलो, सासऱ्यांची समजूत घातली. थोरला जावई म्हणून तेव्हा माझ्या शब्दाला वजन होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या मनात पुढे जे साचलं त्याची सुरुवात इथे आहे. ज्याला मी हाताला धरून घरात आणलं, तोच हळूहळू घरातला पहिला जावई झाला. सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचंय — नितीन. गणपतीचं मखर — नितीन. माझी आठवण व्हायची ती पंखा बंद पडल्यावर.

मग त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली.

ती गाडी मला घ्यायची होती हो... किती दिवस मनात होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी पार्किंगमध्ये चार्जर बसवायची परवानगी मागितली होती. विजेच्या लोडचा हिशेब काढून नेला होता, केबल कुठून येईल त्याचं ड्रॉइंग नेलं होतं. "एकाला दिलं की सगळे मागतील," म्हणून चेअरमननी विषय मिटवला आणि पाण्याच्या टाकीवर बोलायला लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत फॅमिली ग्रुपवर वीणाचा फोटो आला. पोर्चमध्ये पांढरी गाडी, तिला झेंडूचा हार, भिंतीवरच्या चार्जरवर कुंकवाचं स्वस्तिक. खाली सासूबाईंचा व्हॉइस मेसेज: "धाकट्या जावयाने नाव काढलं हो." मी फोन उलटा ठेवला आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणून नीतावर चिडलो.

नितीनने गाडी मिरवायला घेतली नव्हती, हे मला माहीत होतं. त्याची आई — आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो — डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा सकाळी लवकर तिला कामोठ्याला न्यावं लागतं. रिक्षात तिला धक्के सोसत नाहीत. हे माहीत असूनही मी जळलो. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

"दादा, हा डबा आता तुमच्या ताब्यात," नितीन पहिल्याच दिवशी म्हणाला. "मला फ्यूज आणि फ्यूजवायर यातला फरकसुद्धा कळत नाही."

"तुला कशाला कळायला हवा? मी आहे ना," मी म्हणालो. हसूनच म्हणालो.

घरच्या चार्जरला तशी फार देखभाल लागत नाही. गाडीत खुपसायच्या गनच्या पिना कोरड्या कापडाने पुसायच्या, केबलला पीळ पडू द्यायचा नाही, टर्मिनलचे स्क्रू आवळायचे, डब्यात मुंग्या शिरल्यात का बघायचं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं, म्हणजे माती ओली राहते आणि अर्थिंग नीट मिळतं. हे सगळं मी मन लावून केलं. कामात मी कधी पाप केलं नाही, एवढं तरी लिहू द्या.

पण तो चार्जर बंद पडायला लागला.

गाडी लावलेली असायची, हिरवा दिवा लुकलुकत असायचा, आणि मध्येच लाल. वीणाचा नीताला फोन: "ताई, भाऊजींना पाठव ना, पुन्हा बंद पडला." मी जायचो. डबा उघडायचो, मल्टिमीटर लावायचो. व्होल्टेज बरोबर, अर्थिंग बरोबर, स्क्रू घट्ट. ब्रेकर खाली करून वर केला की हिरवा दिवा. मी असेपर्यंत पुन्हा कधीच लाल नाही.

"भाऊजींचा हात लागला की झालं," वीणा म्हणायची. नितीन चहा आणायचा. मला बरं वाटायचं. या घरात माझ्यावाचून काहीतरी अडतंय, याचं बरं वाटायचं.

कंपनीचा माणूस येऊन आतलं कार्ड बदलून गेला. मी स्वतः मीटरपासूनची केबल तपासली, ब्रेकर बदलला. शेजाऱ्यांचा पंप चालू होताना व्होल्टेज पडतं का, तेही बघितलं. काही नाही. चार-सहा दिवस ठीक जायचे आणि परत लाल.

माझ्या लक्षात कसं आलं, तेही सांगतो. एका संध्याकाळी मी घरी बसलो होतो. ग्रुपवर नितीनने फोटो टाकला — सासूबाई गाडीत पुढच्या सीटवर, डोळ्यांवर त्याचा गॉगल. खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. मी त्या फोटोकडे बघत बसलो. आमच्या गाडीत सासूबाई कधी बसल्या नाहीत, कारण आमच्याकडे गाडीच नाही... तेवढ्यात आतून नीताचा आवाज: "अहो, वीणाचा फोन. चार्जर."

योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण मागचं आठवलं. त्याआधी बंद पडला तो नितीनच्या बढतीच्या दिवशी. त्याआधी, सासऱ्यांच्या श्राद्धाला सासूबाईंनी पानं वाढताना आधी त्याला हाक मारली, त्या संध्याकाळी. मी कामाच्या सवयीने एकेक दिवस जोडत गेलो आणि प्रत्येक दिवस जुळत गेला.

मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते.

रविवारी दुपारी नीता झोपली होती. मी गॅलरीत बसलो आणि मुद्दाम सगळं आठवलं. चेअरमनचा चेहरा. तो झेंडूचा हार. 'नाव काढलं हो.' एखादी जखम नखाने उकरावी तसं उकरत गेलो. समोरच्या इमारतीच्या काचांवर ऊन होतं, खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं. माझा चहा निवायच्या आत फोन वाजला. या वेळी नितीनने थेट मलाच केला होता.

"दादा, सॉरी, रविवारचा त्रास देतोय..."

मी घाबरलो, हे खरं. पण घाबरण्याच्या आधी क्षणभर मला आनंद झाला, हेही खरं. आपण इथे बसून त्याची गाडी अडवू शकतो, याचा आनंद. तो मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर मी ग्रुप म्यूट केला. मन दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला. पण हेवा काय ब्रेकर आहे, खाली केला की बंद व्हायला? एका रात्री जेवताना नीता सहज म्हणाली, "नितीनने माझ्या आईसाठी बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली. किती बारीक लक्ष असतं त्याचं." जेवलो, झोपलो. फोन आला नाही, म्हणून निर्धास्त होतो.

फोन आला नाही, कारण तिकडे कुणी दिवा बघितलाच नव्हता. सकाळी मावशीला घेऊन निघायला गेले, तर गाडीत कामोठ्यापर्यंत पोहोचण्याइतकंही चार्जिंग नव्हतं. एवढ्या लवकर रिक्षा मिळेना. मिळाली तोवर मावशीची वेळ टळली होती. तिचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. पुन्हा नंबर लागेपर्यंत ती बाकावर बसून राहिली. पाय सुजलेले, दम लागलेला. मी गोदामातून परस्पर हॉस्पिटलमध्ये गेलो. नितीन बाहेर उभा होता.

"माझंच चुकलं दादा," तो म्हणाला. "मी उठून बघायला हवं होतं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मावशी घरी आली त्या संध्याकाळी वीणाने दृष्ट काढायचं ठरवलं. वीणा बँकेत आहे, असल्या गोष्टी मानणारी नाही. पण माणूस टेकीला आला की काहीही करतो. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन तिने आधी मावशीवरून, मग गाडीवरून, मग चार्जरवरून ओवाळलं.

"अगं, दृष्ट लागायला ती काय विमान आहे का?" नितीन म्हणाला. "अर्ध्या पनवेलकडे आहे तसली गाडी."

"तू गप्प बस."

मिरच्या निखाऱ्यावर पडल्या. पोर्चभर धूर झाला आणि कुणालाच ठसका आला नाही. वीणा नाही, नितीन नाही, नीता नाही. "बघा, मिरच्यांची खाट आलीच नाही, म्हणजे होतीच दृष्ट," वीणा म्हणाली. आणि मला ठसका लागला. असा लागला की डोळ्यांतून पाणी, श्वास घेता येईना. नीताने पाठ चोळली. मी भिंत धरून खोकत होतो आणि मावशी खुर्चीतून माझ्याकडे बघत होती.

बाकीचे आत गेल्यावर तिने मला हाताने बोलावलं.

"बस इथं. काय झालं तुला?"

"धूर गेला घशात."

"धूर आमच्या घशात नाय गेला?"

मी बसलो. तिच्या हाताला सुईच्या जागी पट्टी होती. त्या पट्टीकडे बघत मी तिला सगळं सांगून टाकलं. सोसायटीची मीटिंग, फोटो, रविवारची दुपार. त्या रात्रीचं जेवण. माझं संपल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

"म्हंजे तू जलतोस, आन् हा डबा बंद होतो."

"मला तसं वाटतं, मावशी."

"आन् तू इथं असलास का चालू राहतो."

"हो."

"मंग इथं येऊन जल ना. घरी बसून कशाला जलतोस?"

मला वाटलं, ती चेष्टा करतेय. पण ती करत नव्हती.

"मना परवा परत जायाचा हाय हॉस्पिटलात," ती म्हणाली. "उद्या सांजच्याला ये. माझ्यासोबत बस. जेवून जा. घरातला मानूस घरात बसून चिडला तर त्याला दृष्ट नाय म्हणत कोनी."

तेव्हापासून डायलिसिसच्या आदल्या दिवशी मी कामावरून थेट तिकडे जातो. सगळ्यांना सांगितलंय की लोडचं निरीक्षण करतोय. पोर्चमध्ये मावशीच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो. ती चिरनेरच्या शेतातल्या, भांडणातल्या गोष्टी सांगते. मी बसल्यावर गाडी लावतात आणि हिरवा दिवा लुकलुकत राहतो. माझा हेवा गेला म्हणाल, तर नाही. नितीनची मुलगी येऊन त्याच्या गळ्यात पडते, सासूबाईंचा त्याला फोन येतो, आणि मी चार्जरपासून हातभर अंतरावर बसून पूर्वीसारखाच जळतो. चार्जर ढिम्म असतो. मावशी माझ्याकडे बघून विचारते, "आला का राग?" मी म्हणतो, "आला." ती म्हणते, "मंग च्या घे."

इथपर्यंत मी मनाशी काहीतरी हिशेब जुळवला होता. लांबून जळलो तर बंद, जवळ असलो तर चालू. शास्त्रात बसत नाही, पण निदान नियम तरी होता. तोही मोडला.

गेल्या महिन्यात गोदामातलं मोठं पॅनेल जळालं. संध्याकाळी निघता येईना. मी नितीनला फोन करून सांगितलं की येत नाही, गाडी लावून टाका. त्या संध्याकाळी माझ्या मनात हेवा औषधालासुद्धा नव्हता, शपथेवर सांगतो. हात काळे, अंगावर घाम, आणि डोक्यात एकच गोष्ट — उद्या मावशीचा दिवस आहे, तो डबा चालू राहू दे. आणि तरीही फोन आला, चार्जर बंद पडला. मी पॅनेल दुसऱ्याच्या हवाली केलं आणि निघालो. नेहमीसारखंच सगळं: व्होल्टेज बरोबर, अर्थिंग बरोबर. ब्रेकर वर केला आणि हिरवा दिवा.

मावशी खुर्चीत होती. "आलास?" एवढंच म्हणाली.

म्हणजे माझ्या जळण्याने तो बंद पडत नव्हता? की आधी पडत होता आणि आता कारण वेगळं आहे? मला माहीत नाही. इथे कुणी इलेक्ट्रिकल लाइनमधलं असेल आणि मी तपासायचं काही राहिलं असेल, तर जरूर सांगा. मी तपासून बघेन. पण मला नाही वाटत काही सापडेल.

त्याच संध्याकाळी हात धुता धुता मी नितीनला म्हणालो, "आता हा काढून टाकू. दुसऱ्या कंपनीचा बसवू, एकदाची कटकट मिटेल."

तो टॉवेल घेऊन उभा होता. "राहू दे ना दादा," तो म्हणाला. "हा नीट चालायला लागला तर तुम्ही कशाला याल?"

मोठ्या भावाला म्हणावं तसं, टॉवेल पुढे करत, अगदी सहज म्हणाला तो. मला आयुष्यात कुणाला इतक्या सहज असं काही म्हणता आलेलं नाही. हात पुसता पुसता मला त्याचाही हेवा वाटला.