भाऊ बघतायत

अनुसूयाच्या थोरल्या दिरांनी, म्हणजे भाऊंनी, दिल्लीत परराष्ट्र खात्यात जन्म काढला. काम आवक-जावकीचं, आलेलं टपाल योग्य टेबलावर पोचवायचं. पण नागावच्या वाडीत परतले ते राजदूताच्या थाटात. एकदा काठमांडूला नेमणूक झाली होती, तेवढ्या भांडवलावर ‘आम्ही परदेशात असताना’ हे पालुपद कायमचं. झोपाळ्यावर बसून सांगायचे, इंग्रजांच्या वेळी हेच खातं संस्थानिकांवर डोळा ठेवायचं, पहिल्या पंतप्रधानांनी ते अखेरपर्यंत स्वतःकडेच ठेवलं, आणि तिथे कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत, ‘नोंद घेतली’ म्हणतात. घरातही त्यांचं तेच. पंप जळला, नोंद घेतली. कुंपण पडलं, नोंद घेतली. बडा घर, पोकळ वासा.

अनुसूयाचा अनीश मालवाहू बोटीवर होता. मालकाने हात वर केले आणि बोट परक्या बंदरात अडकून पडली. प्यायला गढूळ पाणी, जेवण एक वेळ. भाऊ म्हणाले, "मी वर बोललोय. आता मध्ये कुणी तोंड घालू नका, बिघडेल."

या घरात थोरला बोलला की बाकीच्यांनी गप्प बसायचं, हीच रीत. नवरा गेल्यापासून तर अनुसूयाला दिराचाच आधार. फोनवर पोराचा आवाज खंगत गेला, तरी ती गप्प बसली.

मग थळच्या मनुबाईचा रितेश घरी आला. त्याच बोटीवरचा. अनुसूया तशीच धावत गेली.

"मी दिल्लीला फोन केला, परराष्ट्र खात्याला," मनुबाई म्हणाली. "मला तिथं कोन वळखतंय? तरी उचलला त्यांनी. तुमी न्हाय केलात?"

रितेश खाली मान घालून बसला होता. दूतावासाचा माणूस बोटीवर आला, पण बोट रिकामी सोडता येत नाही म्हणून दोघांना मागे थांबायचं होतं. "अनीश सोताच मागं सरला, काकी. म्हनला, तुमी जावा. माझे काका त्याच खात्यात होते, भाऊ बघतायत."

अनुसूयाच्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन ती झोपाळ्यासमोर उभी राहिली. दिरांसमोर अशी ती कधी उभी राहिली नव्हती.

"कुणाशी बोललात, भाऊ?"

"अशी नावं सांगायची नसतात."

"मला सांगा."

झोपाळा थांबला. "अगं, मला आता तिथे कोण ओळखतं? ‘कोण तुम्ही’ म्हणाले असते तर?"

म्हणजे स्वतःच्या इभ्रतीपायी या माणसाने पोराला तिथे कुजू दिलं. तिला वाटलं, झोपाळ्याच्या कड्याच उपटून काढाव्यात. मनुबाईकडून आणलेला खात्याचा नंबर तिने तिथेच लावला, आवाज मोठा केला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईने ऐकून घेतलं, बोटीचं नाव विचारलं, लगेच दूतावासाला कळवते म्हणाली. मग तिने विचारलं, इतके दिवस घरून कुणी कळवलं का नाही?

अनुसूयाने फोन भाऊंच्या तोंडापुढे धरला. भाऊंनी पायाने झोपाळा मागे रेटला.

शेवटी तिनेच सांगितलं, घरात मोठं माणूस होतं, म्हणून.