सुनीताच्या कॉम्प्युटरला नवी रॅम

मंडळी, आज घरच्या कॉम्प्युटरची रॅम वाढवून आणली.

कॉम्प्युटर माझ्या बायकोचा, सुनीताचा. पिंपरी पेंढारला घरीच ती लोकांच्या लग्नपत्रिका टाइप करून द्यायची. मशीन सारखं हँग व्हायचं. दिवाळीनंतर रॅम वाढवायची, असं आमचं ठरलं होतं. दिवाळीच्या आधीच ती तापानं गेली.

आज सीपीयू मोटारसायकलला बांधून जुन्नरला नेला. दुकानदार सलीमभाईंनी आतली धूळ उडवली, नवी रॅम बसवली आणि विचारलं, "वहिनी न्हाई आल्या?"

"ती गेली, भाऊ."

"मला कळलंच न्हाई, राव," ते एवढंच म्हणाले.

घरी येऊन बटण दाबलं. पूर्वी चहा पिऊन होईपर्यंत वाट बघावी लागायची. आज खुर्ची ओढून बसेपर्यंत चालू झाला.

"पप्पा, लई फास्ट झालाय," मुलगी म्हणाली. मी हो म्हणालो. आनंद झाला नाही, रडूही आलं नाही.

सुरू होताना स्क्रीनवर अजून सुनीताचंच नाव येतं. "बदलू का?" मुलीनं विचारलं. मी म्हणालो, "राहू दे."

तुमच्यापैकी कोणी असं नाव बदललंय का? केव्हा जमलं?