फाटकाबाहेरची मेणबत्ती

नोव्हेंबर लागला की गोराईची ती चौकशी मला अजून आठवते. तिच्यात गुन्हा नव्हता, आरोपी नव्हता, आणि बढतीच्या वेळी सांगावं असं तर काहीच नव्हतं. तरी एवढ्या वर्षांच्या नोकरीतून तीच आधी का आठवते, ते लिहून बघतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. पंचनाम्यापलीकडचं काही लिहायचं म्हटलं की हात अजून अडखळतो, तेवढं सांभाळून घ्यावं.

तेव्हा मी बोरिवली भागातल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. एका सकाळी खबर आली, की कोणी अनोळखी बाई गोराईत फिरते आहे. म्हाताऱ्या माणसांना गाठते, त्यांच्या बापाचं, आजोबांचं नाव विचारते, घरांचे फोटो काढते. लोकांनी आता तिला घेरलं आहे.

खोटे वारस उभे करून जागा लाटण्याचे प्रकार खाडीपलीकडच्या गोराईतल्या लोकांनी पाहिलेले होते. तिथे परका माणूस आजोबांचं नाव विचारू लागला की तो सातबाऱ्यासाठीच आला, असं धरून चालतात.

बीट हवालदार तिला बोटीने अलीकडे घेऊन आला. ही अटक नव्हती. तिथे थांबायची तिलाच भीती वाटली, म्हणून ती आली. स्टेशन डायरीत तशी नोंद केली आणि महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी विचारायला लागलो. बाई चाळिशी ओलांडलेली, मुलुंडला राहणारी, एका खासगी कार्यालयात नोकरीला.

"ताई, कोणत्या बिल्डरचं काम करता?"

"बिल्डरचं काम करत असते तर भाड्याच्या खोलीत राहिले असते का साहेब?"

महिला अंमलदाराने हसू दाबलं. मी दाबलं नाही.

"मग लोकांचे आजोबा कशाला शोधता?"

"लोकांचे नाही. माझेच शोधतेय."

तिचे आजोबा कोकणातले. मालवाहू जहाजावर खलाशी होते. तिचे वडील चारेक वर्षांचे असताना आजोबांचं जहाज मुंबईला लागलं, पण ते घरी पोचलेच नाहीत. गावातल्या एकाने त्यांना बंदरावर पाहिलं होतं, गोराईच्या एका दोस्ताबरोबर जाताना. एवढ्यावरून गावाने ठरवून टाकलं, की त्याने गोराईला दुसरं घर केलं. तिचे वडील त्या बोलण्याखालीच लहानाचे मोठे झाले.

आजोबांचा फोटो नव्हता. ओळख सांगण्यासारखी एकच खूण होती. दोरखंडात सापडून त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती.

"बाबा आता अंथरुणाला खिळलेत," ती म्हणाली. "म्हणतात, मेले असतील तर तसं सांग. दुसरं घर केलं असेल तर तेही सांग. पण मी जायच्या आत सांग."

पत्ता आणि नोकरीची खात्री करून घेतली. सगळं खरं निघालं. दिवस मावळायच्या आत तिला घरी जायला सांगितलं.

"ताई, तुम्ही वारस शोधल्यासारखं विचारताय. त्यामुळे लोक बिथरतात. आता काही दिवस तिकडे जाऊ नका."

गुन्हा नसल्यामुळे मला तपासही करता येत नव्हता. पण कान उघडे ठेवायला कोणाचा हुकूम लागत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. संध्याकाळी लोक कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. गोराईच्या कबरस्तानाजवळ मी बंदोबस्ताला होतो. ऐंशीच्या आसपासची एक आजी आतल्या कबरींवर मेणबत्त्या लावून बाहेर आली. हातात एक मेणबत्ती उरली होती. ती तिने फाटकाबाहेर, समुद्राच्या बाजूच्या भिंतीपाशी वाळूत रोवली आणि पेटवली.

"मावशी, ही कोणाची?"

"पाव्हण्याची."

"कोण पाहुणा?"

"आमच्या बाबाचा जहाजावरचा दोस्त. गावाला जायच्या आधी दोन दिवस आमच्याकडं टेकला, आणि ताप भरून आमच्याच घरात मेला. हिंदू होता ना, आत कसा ठेवणार? बाजूचे कोळी आले, दर्यावरच आग दिली. थडगं नाय त्याला. म्हणून बाबा हितं लावायचा. आता मी लावते."

बोटांचा प्रश्न माझ्या ओठांवर आला. पण चौकशीचा एक नियम अंगवळणी पडलेला असतो: प्रश्नात उत्तर घालायचं नाही. मी बोटांबद्दल विचारलं असतं तर आजी 'हो' म्हणालीही असती, आणि त्या 'हो'ला काही किंमत राहिली नसती.

"दिसायला कसा होता?"

"तोंड नाय आठवत, लहान होते मी. हात आठवतो." तिने डावा हात वर केला आणि दोन बोटं मुडपली. "असल्या हातानं माझ्या भावाला झोका बांधून दिला."

"मग त्या बाईला का नाही सांगितलंत?"

"तिनं पाव्हणा कुठं विचारला? ती विचारत होती, हितं कोण ऱ्हायचा, घर कोणाचं. पोरं बोलली, आजी, तोंड उघडू नको."

पाहुण्याच्या घरी कळवण्याचा निरोप आजीच्या वडिलांनी जहाजावरच्या मुकादमाकडे दिला होता. मुकादम "कळवतो" म्हणाला होता. तो निरोप कुठे राहिला, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

मी मुलुंडला फोन केला. रविवारी बाई गोराईला आल्या; मी आणि बीट हवालदार बरोबर होतो. आजीच्या ओट्यावर बसून त्यांनी वडिलांना फोन लावला, कळलेलं सगळं सांगितलं आणि आजीला बोलता यावं म्हणून आवाज मोठा केला.

"त्यांच्याबरोबर काही सामान होतं?" वडिलांनी आजीला विचारलं. आवाज खोल गेलेला.

"पेटी होती रे. तिच्यात एवढेसे बूट. तापात सारखं बोलायचा, आधी पोराला बूट घालीन, मग घरात पाय ठेवीन."

आजी फोनाजवळ सरकली.

"माफ कर रे. वर्सभर कोणी येतो का बघितलं, मग माझ्या भावानं घातले ते."

"बसले का त्याला?"

"जरा मोठे झाले. म्होरं कापूस भरला."

"मी अंगाने थोराड होतो," वडील म्हणाले. "मला बरोबर बसले असते."

बाईंनी तोंडावर पदर धरला. हवालदार उगाचच रस्त्याकडे बघू लागला, आणि मीही.

वडील त्या हिवाळ्यात गेले. पुढच्या वर्षी फाटकाबाहेरची मेणबत्ती बाईंनी लावली. आजी काठी टेकून शेजारी उभी राहून बडबडत होती, "अगं, वारा कुठला, तू हात धरतेस कुठं!"

हरवलेल्या माणसाची तक्रार आली की आम्ही आधी विचारतो, कुठे गेला, कोणाशी भांडला होता का. ते विचारावंच लागतं. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक प्रश्न त्याच्याही आधी विचारत आलो. तो कोणाकडे निघाला होता?