पांढऱ्या गिटारला ठेवलेली नावं

रिसोडला जुनी वाद्यं दुरुस्त करून विकणारा तो माणूस मला एकदाच भेटला. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

माझ्या ऑर्केस्ट्राला भीमगीतं, लग्नातली गाणी, देवीचं जागरण, सगळ्याला चालेल अशी एकच गिटार हवी होती. भीमजयंती चार दिवसांवर आली होती. त्याने एक पांढरी गिटार वाजवून दाखवली. खटका सरकवला की पाच वेगळे आवाज निघत. हीच घ्यायची असं ठरवून मी बैलबाजारातल्या सवयीने तिला नावं ठेवू लागलो. रंग उडालाय, दांडी वाकडी आहे. शेजारच्या टोकदार लाल गिटारची मात्र तोंडभर तारीफ केली. खरं तर वाजवली की ती फक्त किंचाळत होती.

तो गमछ्याने पांढरीच्या तारा पुसत ऐकत राहिला. मग तिला खुंटीला टांगून म्हणाला, "हे नाई देत तुमाले, भाऊ. जिले तुमी इतकं बोलले, तिले तुमच्या घरी कशी पाठवू?"

"अबे, भाव करून राह्यलो मी!"

"मले वाटलं, खरंच बोलून राह्यले."

दुकानात तिसरी गिटार नव्हती. त्याने लाल बांधून दिली. भाव पाडायला मी तोंड उघडलं, पण तिची इतकी तारीफ करून बसलो होतो की एकही खोट सांगता येईना.