निवडून दिलेला नमुना

धुकं अजून धानाच्या बांध्यांवरून उठलं नव्हतं. कापून पडलेलं धान दवानं ओलंचिंब झालं होतं, आणि दवाखान्याच्या ओट्यावर शामकला राहांगडाले निळ्या डब्यात बर्फाच्या पट्ट्या रचत स्वतःशीच भांडत होती. सव्वीस वर्षं नर्सबाई म्हणून काढली, पण असला वैताग तिच्या नशिबी आला नव्हता. रक्त मागितलं की लोक बोट पुढे करतात. थुंकी मागितली की खाकरून देतात. संडास मागितली की मात्र माणसाची सात पिढ्यांची अब्रू एकदम जागी होते.

नऊ दिवसांपूर्वी फुलचूरच्या एका गल्लीत मंडई झाली होती. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. घराघरात पाहुणे येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक होतं. मंडईच्या दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतली त्रेचाळीस माणसं ओकारी-संडासनं आडवी झाली. तिसऱ्या दिवशी गल्लीनं निकालही लावला. दोष मंगरूच्या गुपचुपचा, म्हणजे पाणीपुरीचा. मंगरू उईके सडक अर्जुनीकडच्या जंगलपट्टीतून आलेला, गल्लीत ना भाऊ ना भाऊबंद. त्याचा ठेला उलटा करून ठेवला गेला, पाण्याचा मटका फुटला. पंचायतीच्या लीलाधरनं सांगितलं, रिपोर्ट येईपर्यंत कुठंच उभं राहायचं नाही. आणि मंडईचा हंगाम म्हणजे मंगरूचं वर्ष. आज या गावाची मंडई, उद्या त्या. रोज एक हातची जात होती.

मंगरूनं पहिल्याच दिवशी न मागता स्वतःच्या संडासची डब्बी आणून दिली होती. दुसऱ्या दिवशी आणखी एक. "एकानं भागत नसन तं," म्हणाला.

आणि काल संध्याकाळी तालुक्याच्या वीरेंद्र डॉक्टरांचा फोन आला.

"सिस्टर, गल्लीतले सहाच्या सहा नमुने निगेटिव्ह. आपने लिया क्या था?"

"डब्बीत जे होतं थेच लिया सर."

"मग फाईल बंद करू. संशयित कारण, गुपचुपचं पाणी."

"पाण्याचा नमुना तं साफ निघाला ना!"

"म्हणून तर संशयित लिहितोय."

शामकलाबाईनं फोन कानापासून दूर धरून एक शिवी हासडली, मग परत कानाला लावून चार दिवस मागून घेतले. तिला संशय होता नोरोव्हायरसचा, आणि असली ओकारी-संडास पसरवणारा हा विषाणू माणूस बरा झाल्यावरही दोनेक आठवडे पोटातून बाहेर पडत राहतो, हे तिला ठाऊक होतं. एवढी हागवण, आणि सहापैकी एकाही डब्बीत काही नाही? असं होतंच कसं?

ती थेट धनवंताबाईच्या दारात गेली. धनवंताबाई सत्तरीची, गल्लीतली सगळ्यांत मोठी बाई. तिच्या शब्दाबाहेर तिथं चूलही पेटत नाही. ती अंगणात लाखोळीची भाजी खुडत बसली होती.

"आजी, खरं सांगा. त्या डब्बीत कोनाचं होतं?"

"कोनाचं म्हंजे? मायं!"

"पन बीमार तं तुमची सून होती. डब्बीवर रुख्माचं नाव लिवलं होतं मी."

"हव. थे तं उठूबी नाई शकत होती. अन् तिचं निस्तं पानी, घानेरडा वास. थे का सरकारले द्याचं राह्यते?" धनवंताबाईनं भाजी बाजूला सारली. "खरेदी केंद्रावर धानाचा नमुना नेतो तं कचरा-पाखड नेतो का वो बाई? भरला दाना निवडून नेतो. नाई तं वापस करते ना थो साहेब! मी सकाऱ्या उठून झकास देल्ला तुले. अन् गल्लीलेबी सांगतली, का बाप्पा, धडधाकट मानसाचाच द्या, गल्लीचं नाव खराब नोका करू."

शामकलाबाई ओट्यावर बसून बोटांवर मोजू लागली. सहा घरं, सहा डब्ब्या, आणि सहाही ठणठणीत. गोंदिया जिल्ह्यात इतकी तब्येतदार संडास एका दिवशी कधी गोळा झाली नसेल. आणि ती तिनं, बर्फात घालून, रात्रीच्या गाडीनं, जिवापाड जपत लॅबला पाठवली होती.

"आजी, तुमच्या पाया पडतो. मले कचराच पायजे."

"कायले?"

"धान धानच राह्यते, पन चिन्नोर निराळा, एचएमटी निराळा. हे बीमारीबी तशीच. तिचेबी वाण आहेत. लॅबवाले वाण पाहून सांगते, का हे कोनत्या बांधीतून आली. भरला दाना देल्ला तं वाण कशाचा पाहाचा?"

धनवंताबाईनं विचार केला. "तं हे पयले काऊन नाई सांगतली? अन् त्याच्यात पाहाचं काय आहे? त्या मंगरूच्या पान्यानंच झालं. आमच्या घरचा सैपाक तं जवायानं केला. दुर्गेशनं. आमगावच्या वसतिगृहात सैपाकी आहे थो, पन्नास मानसाचं एकटा उरकते. साऱ्या गल्लीनं बोटं चाटून खाल्लं. बिचाऱ्याचं पोट बिघडलं होतं, तरी मी म्हनली, राह्य उभा, इज्जतीचा सवाल आहे."

शामकलाबाईला आमगावच्या वसतिगृहातल्या आजारी पोरी आठवल्या. तिनं उठून सहा नव्या डब्ब्या काढल्या. या वेळी ती प्रत्येक संडासच्या दाराबाहेर स्वतः उभी राहिली. आतून पुरुष ओरडत होते, "बाई, तुमी जा ना थोडं दूर!" आणि ती बाहेरून ओरडत होती, "मी सव्वीस वर्षांपासून दूरच जाऊन रायली, लवकर करा!"

संध्याकाळी तिनं डॉक्टरांना फोन केला. आमगावच्या त्या वसतिगृहात मंडईच्या आठ दिवस आधी पोरी आजारी पडल्या होत्या, त्यांचे नमुने लॅबमध्ये होतेच. दोन्ही ताडून बघा म्हणाली. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. वेळ लागला. तीन आठवडे. रोज सकाळी मंगरू फाटकापाशी उभा राहायचा. "बाई, रिपोट?" "नाई आला." तो पुढं काही बोलायचा नाही, त्याचाच तिला जास्त राग यायचा. भांड ना गा माझ्याशी, असं वाटायचं.

आला तेव्हा अर्ध्या पानाचा आला. गल्लीतल्या पाच डब्ब्यांत विषाणू होता, आणि तो आमगावच्या पोरींत सापडला त्याच वाणाचा. मंगरूच्या दोन्ही डब्ब्या स्वच्छ. शामकलाबाईनं घरोघर पुन्हा विचारलं होतं, आजाऱ्यांपैकी अकरा जणांनी गुपचुप तोंडातसुद्धा घातली नव्हती. जेवायला मात्र त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जण धनवंताबाईकडं होते.

ती गल्लीत गेली. लोक जमले, लीलाधर आला, मंगरू मागं लांब उभा राहिला.

"गुपचुपचा काई संबंध नाई," ती म्हणाली. "बीमारी बाहेरगावून आली."

"कोनासंगं आली?" लीलाधरनं विचारलं.

"कोनाचं नाव सांगाची मले परवानगी नाई."

"मंग आमी कसं मानाचं? कागद तं कायबी बोलते. रिस्क नको ना घ्यायला. ठेला राहू द्या बंद, संक्रांतीनंतर पाहू."

शामकलाबाईच्या कपाळाची शीर उडायला लागली. तीन आठवडे हाच कागद यायची वाट पाहिली होती यांनी! नाव तिच्या अगदी ओठावर आलं. तिनं ते गिळलं, आणि फक्त धनवंताबाईकडं पाहिलं.

म्हातारीनं पदर कमरेला खोचला. मग खेकसली.

"संक्रांत-फिंक्रांत काई नाई. आमच्या घरचं होतं थे. जवायाचं पोट चालून होतं, तरी मीच त्याले कनिक भिजवाले लावली. इज्जत, इज्जत केली अन् गल्ली हगवली. लीलाधर, ठेला सोड त्याचा."

कुणीतरी फिसकन हसलं. बाकीचे जमिनीकडं पाहू लागले. मंगरूची माफी कुणी मागितली नाही. लीलाधरनं फक्त "ठीक आहे मंग" म्हटलं, जसा काही तोच उपकार करत होता.

मंगरू जवळ आला. "बाई, उद्या सौंदडकडं मंडई आहे. जाऊ?"

"जा ना गा! मले कायले विचारतोस? महिनाभराच्या मंडया गेल्या तुझ्या." तिचा आवाज उगाच चढला. "अन् हात साबनानं धुजो. शिशीतलं हाताले लावाचं जेल नाई, साबन. जेलनं हे बीमारी मरत नाई. आजी, तुमीबी ऐका. साऱ्यांनी ऐका!"

ऐकायला निम्मे लोक उरलेच नव्हते.

अकरा वाजत आले होते. अंगणवाडीत लेकरांच्या वजनाचा दिवस होता, आणि आया केव्हाच्या ताटकळल्या होत्या. शामकलाबाईनं छताच्या हुकाला तराजू अडकवला, झोळी झटकली आणि म्हणाली, "आणा वो, कोनाचं पयलं?"