काळ्या आईचं काम

अमरावतीला राजापेठेत एका शिकवणीवर्गाच्या वरच्या खोलीत आमची हौशी नाटकमंडळी तालीम करते. खाली पोरं गणितं सोडवतात, वर आम्ही जगाचे प्रश्न सोडवतो. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे नाटक लिहिणं आणि बसवणं आपोआप माझ्या गळ्यात पडलं. दोन वर्षांपूर्वी मी वर्णद्वेषावर नाटक लिहिलं. परदेशातल्या एका शहरात गोरे पोलीस एका काळ्या पोराला मारून टाकतात आणि त्याची आई कोर्टात उभी राहते. अमरावतीबाहेरचा अन्याय मला नेहमीच फार स्पष्ट दिसतो.

आईच्या कामासाठी मी तहसील कचेरीतल्या एका बाईंना घेतलं. मूळच्या बार्शीटाकळीच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या, रंगानं चांगल्याच काळ्या. आमच्याकडे चार वर्षं होत्या आणि चारही वर्षं मोलकरीण झाल्या होत्या.

"सर, मलेच कावून घेतलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या आवाजामुळे," मी म्हणालो. बाईंचा चेहरा असा खुलला की मलाही ते खरं वाटायला लागलं. त्यांनी घरी सांगितलं, कचेरीत सांगितलं, नवऱ्याला प्रयोगासाठी रजा काढायला लावली.

प्रयोग अकोल्याला होता. रंगभूषेला तिथलेच एक काका होते, आयुष्यभर नवऱ्या मुली आणि शाळांची गॅदरिंग रंगवलेले. मी पोलिसांच्या मिशा चिकटवत होतो. वळून पाहतो तर आमची काळी आई लोण्यासारखी गोरी झालेली, वर गालांना लाली.

"काका, हे काय केलं?"

"मुख्य काम हाय न, सायेब. असंच पाठवलं त लोक म्हनतीन, मेकअपवाला आलाच नाही."

पहिली घंटा झाली होती. माझं डोकं फिरलं. "पुसा ते सगळं," मी ओरडलो. "रंगासाठीच तर घेतलंय त्यांना."

न्यायाधीश झालेले आमचे वकीलसाहेब उगाच डोक्यावरचा टोप नीट करत बसले. बाई उठल्या, नळावर जाऊन तोंड धुऊन आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"म्हन्जे आवाजाचं खोटं होतं त."

अन्यायावर दीड तासाचे संवाद लिहिणारा मी पुन्हा पोलिसांच्या मिशांकडे वळलो.

कोर्टाच्या प्रसंगात आईनं प्रेक्षकांकडे तोंड करून बोलायचं, हे मी तीन महिने घोटून घेतलं होतं. त्या दिवशी बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आल्या, त्यांनी प्रेक्षकांकडे सरळ पाठ केली आणि न्यायाधीशाकडे पाहत बोलू लागल्या. सभागृहाला दिसत होते फक्त पाठ आणि अंबाडा. विंगेत मी कपाळावर हात मारला. मग ऐकू लागलो. पोर गेलं तरी त्याचे शर्ट धुऊन वाळत घालायची सवय मोडत नाही, असं त्या सांगत होत्या, आणि मीच लिहिलेलं मला नवं वाटत होतं. मागच्या रांगेतसुद्धा कुणी खोकललं नाही. चांगला होता आवाज. गेली चार वर्षं तो आमच्याच खोलीत होता आणि मी त्याला "चहा आणते, मालक" एवढंच बोलायला दिलं होतं. मला मनापासून लाज वाटली.

परतताना गाडीत मी माफी मागितली.

"माफी राहू द्या, सर. पुढच्या प्रयोगात न्यायाधीश मी करीन. मले त्याईचं सगळं पाठ हाय."

पण न्यायाधीश तर गोरा आहे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. ते गिळून मी "बरं" म्हणालो.

बाई माझ्याकडेच पाहत होत्या. "बरं म्हन्याले लय वेळ लागला तुमाले," त्या म्हणाल्या.